चारशे कँडीचा मासा

नगर जिल्ह्यात राहून पोकेमॉन गो खेळायला नुकतीच सुरुवात केली असेल, तर पहिला मोठा पोकेमॉन मॅजिकार्पपासून तयार करा. हे सुचवलं की नवखी मंडळी तोंड वाकडं करतात. सगळ्यांना हवा असतो चारिझार्ड, नाहीतर ड्रॅगोनाइट. मॅजिकार्प म्हणजे तो लाल, मिश्यावाला, जमिनीवर तडफडत राहणारा मासा. लढाईत त्याचा काडीचा उपयोग नाही. पण ४०० कँडी खर्चल्या की त्याचा ग्याराडोस होतो. निळ्या अंगाचा, जबडा पसरलेला हा अजस्र पाणसर्प जिममध्ये पाहिला की समोरचा आपली टीम पुन्हा एकदा नीट लावतो.

आपल्याकडे मॅजिकार्पच का, याचं कारण खेळाच्या नकाशात आहे. पोकेस्टॉप आणि जिमच्या जागा मुळात ‘इन्ग्रेस’ या आधीच्या खेळातून आल्या. त्या जागा खेळाडूंनीच सुचवलेल्या होत्या आणि बहुतेक खेळाडू मोठ्या शहरांतले होते. भारतात पोकेमॉन गो अधिकृतपणे आला तो डिसेंबर २०१६ मध्ये, रिलायन्स जिओशी करार करून. त्या वेळी रिलायन्स डिजिटलची दुकानंही स्टॉप आणि जिम झाली. त्याआधीचे पाच-सहा महिने आपल्या पोरांनी कुठून कुठून फाइल उतरवून तो खेळलाच होता, ते सोडा. मुद्दा असा की पुण्यात पावलापावलाला स्टॉप आहे. नगर शहरात माळीवाडा, दिल्ली गेट, सावेडी असा फेरफटका मारला तर काम भागतं. पण पारनेर, पाथर्डी, जामखेडच्या एखाद्या वाडीत राहणाऱ्याला स्टॉपची चैन नाही, रेडला, म्हणजे जिमवरच्या सामूहिक लढाईला, पाच जण जमवणं तर दूरच. मॅजिकार्पला यातलं काहीच लागत नाही. चालायची तयारी आणि हिशेब एवढं असलं की पुरे.

आधी तो सापडतो कुठे ते पाहू. पाण्याचे पोकेमॉन पाण्याकाठी जास्त दिसतात. खेळाचा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतलेला आहे आणि नदी, तलाव, धरण त्यात दाखवलेलं असेल तर त्याच्या आसपास मॅजिकार्प, सायडक, पोलिवॅग अशी मंडळी भेटण्याची शक्यता वाढते. प्रवरेकाठी संगमनेर आणि नेवासे, गोदावरीकाठी कोपरगाव, सीनेकाठी खुद्द नगर ही त्या दृष्टीने सोयीची गावं. मात्र वर्दळ हवी. भंडारदऱ्याला पाणी भरपूर आहे, पण रेंज दगा देते आणि माणसं कमी तिथे पोकेमॉनही कमी. त्यामुळे धरणाच्या भिंतीपाशी जाऊन बसण्यापेक्षा नदीकाठच्या बाजारपेठेत हिंडलेलं बरं.

हवामानही बघा. खेळात पाऊस दाखवत असेल तेव्हा पाणी, वीज आणि कीटक या प्रकारांना जोर येतो. ते जास्त दिसतात, वरच्या लेव्हलचे मिळतात आणि पकडल्यावर स्टारडस्ट २५ टक्के जादा देतात. आपला बहुतेक जिल्हा पर्जन्यछायेतला, तेव्हा ही संधी वर्षातून मोजकीच येते. अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडचे खेळाडू यात सुदैवी. घाटघर, रतनवाडीकडे आषाढात पाऊस थांबायचं नाव घेत नाही. जामखेडकरांनी मात्र ढग दिसले की फोन चार्जिंगला लावून ठेवावा.

स्टॉप नसलेल्या गावासाठी एक सोय आहे आणि ती अनेकांना माहीतच नसते. ‘डेली ॲडव्हेंचर इन्सेन्स’ रोज एकदा फुकट मिळतो आणि १५ मिनिटं चालतो. अट एकच, तो लावून चालत राहायचं. पारावर बसून लावलात तर हाती फारसं लागणार नाही. वस्तीवरून गावात दूध घालायला किंवा शाळेला जाताना लावा. बॉल संपत आले असतील तर पुण्या-मुंबईच्या मावसभावाला खेळात मित्र करून घ्या. तो रोज त्याच्याकडच्या स्टॉपवरून गिफ्ट पाठवू शकतो आणि त्यात बॉल निघतात. गावाकडच्या खेळाडूचं रेशन असं बाहेरून येतं.

आता हिशेब. एक मॅजिकार्प पकडला की ३ कँडी मिळतात. फेकण्याआधी पिनॅप बेरी खायला घातली तर ६. मग तो प्रोफेसरकडे पाठवून दिला की आणखी १. म्हणजे बेरीशिवाय एका माशामागे ४ आणि बेरीसह ७. चारशेला भागून पाहा. बेरी न वापरणाऱ्याला १०० मासे लागतात, वापरणाऱ्याला ५८. म्हणून पिनॅप इतर कुठे उधळू नका, मॅजिकार्पसाठी राखून ठेवा. रॅझ बेरीची इथे गरज नाही, हा मासा फार झुंजत नाही. फक्त सारखा उसळ्या मारतो आणि नवखा नेमका तो हवेत असताना बॉल फेकतो. तो खाली आपटेपर्यंत थांबा, बोटाने बॉल गोल फिरवून वळणदार फेका आणि रंगीत वर्तुळ लहान झालेलं असताना आत टाका. वर्तुळ हिरवं म्हणजे सोपा, पिवळं-नारिंगी म्हणजे मध्यम, लाल म्हणजे अवघड. एखादा पाण्याचा मेगा पोकेमॉन चालू असेल तर प्रत्येक माशामागे एक कँडी वर मिळते, पण नवख्याकडे तो असण्याची शक्यता कमी.

दुसरा मार्ग बडीचा. मॅजिकार्पला बडी म्हणून सोबत घेतलं तर दर १ किलोमीटरला १ कँडी मिळते. याहून कमी अंतर कुठल्याच पोकेमॉनला लागत नाही. बडीला खाऊपिऊ घालून, त्याच्याशी खेळून, त्याचा फोटो काढून तो ‘एक्सायटेड’ झाला की हेच अंतर अर्ध्यावर येतं. ॲडव्हेंचर सिंक चालू ठेवा, म्हणजे खेळ बंद असतानाही फोन पावलं मोजतो. शिर्डीच्या पायी पालखीला जाणाऱ्यांनी तर हे आवर्जून करावं, साईबाबांच्या दर्शनाबरोबर कँडीही पदरात पडतात. मोटरसायकलवर बसून हे जमणार नाही. वेग धावणाऱ्या माणसापेक्षा जास्त झाला की अंतर धरलंच जात नाही.

तिसरा मार्ग अदलाबदलीचा, म्हणजे ट्रेडचा. इथे आपल्या जिल्ह्यातल्या खेळाडूचं नशीब जोरावर आहे. दोघांनी एकमेकांना पोकेमॉन दिले की ते दोन पोकेमॉन एकमेकांपासून किती अंतरावर पकडले होते, यावर कँडी ठरते. १० किलोमीटरच्या आत असतील तर १, दहा ते शंभरमध्ये २ आणि शंभराच्या पुढे ३. कँडी मिळते ती आपण दिलेल्या पोकेमॉनची. आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. नगर म्हणजेच अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सगळ्यांत मोठा जिल्हा, सुमारे १७,००० चौरस किलोमीटरचा. वायव्येच्या टोकाला अकोले, आग्नेयेला जामखेड. सरळ रेषेत मोजलं तरी या दोन गावांत दीडशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे. कोपरगाव आणि श्रीगोंदाही एकमेकांपासून शंभराच्या वर. मुंबईच्या पोराला शंभर किलोमीटर दूरचा पोकेमॉन मिळवायला जिल्हा ओलांडून कोणीतरी यावं लागतं. आपल्याला जिल्ह्याची हद्दही ओलांडावी लागत नाही. नगर–संगमनेर किंवा नगर–जामखेड एवढ्याच अंतराला मात्र शंभर भरत नाहीत, तिथे दोनच कँडी मिळतात.

नगरच्या कॉलेजांत आणि वसतिगृहांत अकोल्याचा, जामखेडचा, शेवगावचा असे सगळे एका खोलीत राहतात. दिवाळीला घरी गेल्यावर प्रत्येकाने आपापल्या गावातले मॅजिकार्प पकडून आणायचे, प्रोफेसरला द्यायचे नाहीत. परत आल्यावर खोलीत बसून अदलाबदल करायची. अकोल्याचा मासा जामखेडच्या फोनवर आणि जामखेडचा अकोल्याच्या. साध्या पोकेमॉनला प्रत्येक ट्रेडमागे जेमतेम १०० स्टारडस्ट लागतं आणि दिवसाला १०० ट्रेड करता येतात. दोघेही किमान लेव्हल १० चे हवेत, खेळात एकमेकांचे मित्र हवेत आणि सहसा समोरासमोर हवेत. पिनॅप घालून पकडताना ६, देताना ३ आणि बदल्यात आलेला मासा प्रोफेसरला पाठवल्यावर १, अशा एका माशामागे १० कँडी झाल्या. म्हणजे ४० माशांत ग्याराडोस. ज्याने हे केलं नाही त्याला १०० लागत होते. पुण्याहून शनिवार-रविवार घरी येणाऱ्यांशीही हेच करता येतं, कारण पुणे आणि नगर सरळ रेषेतही शंभराच्या पुढे आहेत.

ट्रेडमध्ये दोन गोष्टी लक्षात ठेवा. एकदा ट्रेड झालेला पोकेमॉन पुन्हा ट्रेड होत नाही. आणि ट्रेड केल्यावर त्याचे आतले गुण नव्याने पडतात, म्हणजे चांगला मासा दिला तर समोरच्याला वाईट मिळू शकतो आणि उलटही. अधूनमधून एखादा मासा ‘लकी’ होऊन येतो. त्याचे तिन्ही गुण किमान १२ असतात आणि तो वाढवायला स्टारडस्ट निम्मं लागतं. असा लकी मॅजिकार्प हाती आला तर चारशे कँडी त्याच्यावरच खर्चा, शोध संपला.

लकी मिळाला नाही तर निवड करावी लागते. मॅजिकार्प उघडून ‘अप्रेझ’ दाबा. हल्ला, बचाव आणि दम अशा तीन पट्ट्या दिसतात, प्रत्येक १५ पर्यंत. तिन्ही भरलेल्या असतील तर सोन्याहून पिवळं. पण ते गुण रेडसाठी आणि खेळाडूंमधल्या लढतींतल्या मास्टर लीगसाठी. ग्रेट लीगमध्ये सीपीची, म्हणजे पोकेमॉनच्या एकूण ताकदीच्या आकड्याची, मर्यादा १५०० आहे आणि अल्ट्रा लीगमध्ये २५००. तिथे हल्ला कमी आणि बचाव-दम जास्त असलेला मासा जास्त टिकतो, कारण सीपीच्या हिशेबात हल्ल्याला जास्त वजन आहे. इथेच बहुतेक जण घाई करतात. मासा ग्याराडोस झाला की त्याचा सीपी गुणांनुसार साधारण बारापट ते एकोणीसपट होतो. गुण जितके कमी तितकी पट जास्त, कारण मॅजिकार्पचा स्वतःचा पाया इतका लहान की दहा-पंधरा गुणांनीही त्याचा सीपी बराच हलतो. म्हणून ग्रेट लीगसाठी ७५ सीपीच्या आतला मासा घ्या, तो १५०० ओलांडणार नाही. अल्ट्रासाठी सव्वाशेच्या आतला. उरलेली कसर नंतर पॉवर-अप करून भरून काढता येते. जास्तीचा सीपी मात्र कमी करता येत नाही.

इव्हॉल्व्ह करण्याआधी माशावर स्टारडस्ट खर्चू नका, चाल बदलणारा टीएमही वापरू नका. रूप बदलताना चाली नव्याने आणि नशिबाने पडतात. आधी बदललेल्या चालीचा काही उपयोग राहत नाही. मोठं रूप झाल्यावर काय पडलंय ते पाहून मग टीएमचा विचार करा. स्टारडस्टचंही भान ठेवा. लेव्हल २० पासून ४० पर्यंत न्यायला सव्वादोन लाखांच्या घरात स्टारडस्ट जातं. नवख्याकडे एवढं नसतंच आणि असलं तरी ते एकाच पोकेमॉनवर ओतू नये. तीसच्या आसपास थांबा. तिथून पुढे खर्च दुप्पट होतो आणि ताकद त्या मानाने थोडीच वाढते.

आता लढाई. ग्याराडोस दोन प्रकारांचा आहे, पाणी आणि उडता. या जोडीत त्याचं बळ आहे आणि मरणही. वीज पाण्याला लागते आणि उडत्यालाही लागते. एका प्रकाराचा दणका १.६ पट, दोन्ही मिळून २.५६ पट. समोर पिकाचू जातीचं किंवा कुठलंही विजेचं ध्यान आलं की ग्याराडोस मागे घ्यायचा, तिथे मर्दुमकी दाखवायची नाही. खडकाच्या चालीही त्याला लागतात. उलट आग, पाणी, लोखंड, कीटक आणि मुष्टियोद्धे यांचा मार त्याला कमी बसतो. जमिनीच्या चाली तर ०.३९ पटच लागतात, म्हणजे जवळजवळ नाहीच.

म्हणून ग्राउडॉनच्या रेडमध्ये ग्याराडोस कामाला येतो. ग्राउडॉन निखळ जमिनीचा, पाण्याची चाल त्याला जोरात लागते आणि त्याचा भूकंप आपल्या अंगावरून निघून जातो. त्याच्याकडे ‘फायर ब्लास्ट’ असली तरी ती निम्म्याच्या थोडी वर बसते. ‘सोलर बीम’ मात्र बघून असा, ती पुरती लागते. रेडसाठी ‘वॉटरफॉल’ आणि ‘हायड्रो पंप’ किंवा ‘अ‍ॅक्वा टेल’ अशी जोडी ठेवा, दोन्ही चाली त्याच्याच प्रकाराच्या असल्याने २० टक्के जादा मार देतात. पाच ताऱ्यांची रेड सहसा एकट्याने होत नाही. गावात चार जण मिळत नसतील तर रिमोट रेड पास घेऊन शहरातल्या मित्राच्या निमंत्रणावर घरबसल्या सामील व्हा. फक्त तो पास पैशाचा मामला असतो, तेव्हा घरच्यांना विचारून.

खेळाडूंमधल्या लढतीत गणित वेगळं. तिथे ‘ड्रॅगन ब्रेथ’ भराभर मार द्यायला, ‘अ‍ॅक्वा टेल’ स्वस्त म्हणून वारंवार मारायला आणि ‘क्रंच’ भुताटकी-मानसिक प्रकारांसाठी. ‘अ‍ॅक्वा टेल’ साध्या टीएमने मिळत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये मॅजिकार्पचा कम्युनिटी डे झाला तेव्हा ती आली. पुन्हा तसा दिवस ठेवला तर त्या तासांत इव्हॉल्व्ह करा, नाहीतर एलिट टीएम लागेल. कम्युनिटी डे बहुधा दुपारी दोन ते पाच असतो. मे महिन्यातल्या नगरच्या उन्हात हे तीन तास कुठे काढायचे ते आधी ठरवून ठेवा. सावली आणि स्टॉप दोन्ही असलेली देवळाची ओवरी सगळ्यांत सोयीची. टीममध्ये ग्याराडोसच्या मागे एखादा जमिनीचा पोकेमॉन ठेवा, म्हणजे विजेचा आला की तो पुढे येईल. प्रत्येकाला दोनच ढाली मिळतात. पहिली ढाल पहिल्याच चालीला खर्चणारे हरतात असं नाही, पण बरेचदा हरतात.

जिममध्ये ग्याराडोस बसवलात तर दर दहा मिनिटांना एक नाणं, दिवसाला जास्तीत जास्त ५०. शहरात तो तासाभरात हाकलला जातो. तालुक्याच्या गावात मात्र दिवस दिवस बसून राहतो. इथे गावाकडचा खेळाडू शहरी खेळाडूच्या पुढे असतो, हे नवख्यांच्या लक्षातच येत नाही. पण नाणी पोकेमॉन परत आल्यावरच मिळतात, तेव्हा आठवडाभर बसला म्हणून सात दिवसांची नाणी मिळत नाहीत.

आता काही गोष्टी ज्या खेळाच्या मदत पानावर लिहिलेल्या नसतात. संध्याकाळनंतर उसाच्या कडेने फोनमध्ये डोकं घालून चालू नका. वन्यजीव संशोधक विद्या अथ्रेया आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात कॅमेरे लावून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दाट वस्तीच्या, शेतीच्या त्या भागात १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच बिबटे निघाले होते. संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरकरांना हे वेगळं सांगायला नको. गळीत हंगामात तर बिबट्याच्याही आधी उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा, मागे दिवा नसलेला ट्रॅक्टर भेटेल. पाटाच्या भरावावर मॅजिकार्प दिसला तर सोडून द्या. पाट चालू असताना कडा निसरड्या असतात आणि आत पडलेल्याला वर यायला काही धरायला नसतं.

नगर शहरात लष्कराचा मोठा परिसर आहे. तिथे एआर म्हणजे कॅमेऱ्याची सोय बंद ठेवा, जिथे जायची परवानगी नाही तिथे जिमसाठीही शिरू नका. शिर्डीला मंदिरात मोबाइल नेता येत नाही, त्यामुळे तिथला स्टॉप रांगेत लागण्याआधीच फिरवून घ्या. आणि घरबसल्या जपान-अमेरिकेत असल्याचं भासवणारी बनावट लोकेशनची ॲप्स वापरू नका. इशारा, मग तात्पुरती बंदी, मग खातं कायमचं बंद, असा त्याचा क्रम आहे. आई-वडिलांनी फोनच्या यूपीआयला पिन ठेवावा. नाणी विकत घेण्याची खिडकी खेळात फार सहज उघडते.

वरच्या लेव्हलला पोहोचलात की आपल्या गावातला स्टॉप आपणच सुचवू शकता. गावचं जुनं मंदिर, बारव, वीरगळ, सार्वजनिक वाचनालय, कमान असं काहीही चालतं. शाळा आणि कोणाचं खासगी घर चालत नाही. दोन फोटो, थोडी माहिती आणि मग इतर खेळाडू तपासून मत देतात. फोटो सकाळच्या उजेडात काढा, दाराशी बांधलेली म्हैस त्यात आली तर नाकारला जाण्याची शक्यता वाढते.

एक शेवटची सूचना सोनेरी माशाबद्दल. मॅजिकार्पचं चमकतं रूप सोनेरी असतं आणि त्याचा ग्याराडोस लाल होतो. पोकेमॉन गोमध्ये आलेलं हे सगळ्यांत पहिलं चमकतं रूप, मार्च २०१७ मधलं. कँडी जमवताना माशांची मोठी खेप एकदम प्रोफेसरकडे पाठवायची सवय लागते. खेप निवडण्याआधी शोधपट्टीत ‘शायनी’ टाकून एकदा बघा आणि सापडला तर त्याला लगेच तारा लावून ठेवा. तारा लावलेला पोकेमॉन चुकून पाठवला जात नाही. आणि खोलीतल्या मित्राने कितीही गळ घातली तरी तो ट्रेडला काढण्याआधी लागणारं स्टारडस्ट पाहा. चमकत्या पोकेमॉनचा ट्रेड खास समजला जातो, तो दिवसाला एकच होतो आणि मैत्री नवी असेल तर त्याची किंमत ऐकून मित्रच मागे हटेल.